कोरड्या दगडाचा कौल

मुजावरसर कुठल्याही जंगलात शिरले की आधी ओढा शोधायचे. बाह्या कोपरापर्यंत सारायच्या, काठावर उकिडवं बसायचं, पाण्यातला एखादा दगड उलटा करायचा आणि त्याच्या पोटावरून बोटं फिरवायची. वाळूचे कण चिकटवून नळीसारखं घर बांधणारी एक अळी असते. स्वच्छ, गार, वाहतं पाणी असेल तरच ती जगते. सर तिला ‘गवंडी’ म्हणायचे. बोटांना गवंडी लागला की मागं न बघताच म्हणायचे, “नाडी हाय बाई. लिवा.”

मग मी माझ्या कामाला लागायची. माझा विषय झाडं, सरांचा पाण्यातले जीव. कोल्हापुरातल्या दोन वेगळ्या कॉलेजांत आम्ही शिकवत होतो. सुट्ट्यांमध्ये, आणि निवृत्तीनंतर जमेल तेव्हा, राखीव जंगलांची तब्येत तपासायचं काम करत होतो. अभयारण्य म्हणून जी जागा राखली आहे ती धडधाकट आहे की खंगत चालली आहे, याचा अहवाल सरकारला दर काही वर्षांनी लागतो. तो लिहिणाऱ्या पथकांत आम्हाला बोलावत. सर बोलायचे, मी लिहायची. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात सर गेले. दिवाळी अंकासाठी या कामातल्या गमतीजमती लिहा, असं संपादकांनी सुचवलं, तेव्हा मला कळलं की त्या सगळ्या सरांकडेच होत्या. माझ्याकडे उरली आहे ती एका देवराईची हकिकत. तीच लिहिते.

त्याआधी हे काम काय असतं ते सांगायला हवं. लग्नात भेटलेले लोक पहिला प्रश्न विचारतात, “वाघ किती?” वाघ नाही म्हटलं की “मग गवे तरी?” म्हणतात आणि जिलेबीकडे वळतात. मोठी झाडं बघूनही जंगलाची तब्येत कळत नाही. मोठं झाड म्हणजे भिंतीवरचा आजोबांचा फोटो. त्याच्या बुंध्याशी गुडघ्यांवर बसून त्याच जातीची वीतभर रोपं आहेत का, कमरेइतकी आहेत का, डोक्याइतकी आहेत का, हे बघावं लागतं. एखाद्या घरात सगळीच माणसं सत्तरीची असली तर घर कितीही देखणं असो, पुढचं सांगायला ज्योतिषी लागत नाही. नंतर बघायचं ते मेलेलं झाड. जंगलात पडलेलं झाड कुजू दिलं असेल तर त्यावर अळंबी येतात, किडे येतात, किड्यांमागं पाखरं येतात. नीटनेटकं झाडलेलं जंगल दिसलं की आम्ही तिथंच गुण कापायचो. पाचोळा हातानं उकरून खालच्या मातीचा वास घ्यायचा. रानमोडी, म्हणजे बाहेरून आलेलं माजोरी तण, किती आत शिरली आहे ते बघायचं. या सगळ्याला गुण द्यायचे, गुणांची बेरीज करायची आणि शेवटी एका शब्दात शेरा लिहायचा.

त्या बेरजेवर माझा विश्वास होता. सरांचा नव्हता.

सरांच्या अविश्वासाला कारण होतं. आमच्याकडच्या डोंगरमाथ्यांवर काळ्या खडकाची पठारं असतात, त्यांना सडा म्हणतात. भाद्रपदात त्या खडकावर बोटभर मातीत निळ्या-पिवळ्या फुलांचे गालिचे पसरतात. त्यातली काही फुलं आपल्या डोंगरांपलीकडे कुठंच उगवत नाहीत. मार्चमध्ये मात्र तिथं नुसता तापलेला खडक असतो. आणि आर्थिक वर्ष मार्चला संपतं, म्हणून तपासणी मार्चमध्ये. बाहेरून आलेल्या एका सदस्यानं अशाच एका सड्यावर उभं राहून लिहिलं, ‘वनस्पती आच्छादन नाही, वृक्षारोपण आवश्यक.’ आम्ही भाद्रपदातले फोटो दाखवले. ते म्हणाले, आपण आज जे दिसतंय त्याचे गुण देतो. पुढं खडकात खड्डे मारून परदेशी बाभळी लावल्या. त्यांच्या पाल्याखाली फुलं गुदमरली. पुढच्या तपासणीत त्या सड्याचे गुण वाढले.

परतताना जीपमध्ये सर म्हणाले, “टकल्या माणसाला टोप घातला, आन डॉक्टरनं लिवलं, तब्येत सुधारली.” आम्ही खूप हसलो. तेव्हा हसू येत होतं.

आता देवराई. गडहिंग्लजच्या पुढं घाटाकडं जाताना एक गाव लागतं. नाव लिहीत नाही, त्या गावात माझी पुष्कळ जेवणं झाली आहेत. गावाच्या वरच्या अंगाला देवीचं राखलेलं रान आहे, आणि ते अभयारण्याच्या हद्दीत येतं. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नसे. देवी म्हणजे कमरेइतका उंच, न घडवलेला दगड. वर छप्पर नाही. जांभूळ, हिरडा, अंजनी यांच्या फांद्या आणि मांडीइतका जाड गारंबीचा वेल, एवढंच. दगडामागच्या कपारीतून बारमाही पाझर यायचा. देवीच्या दोन्ही खांद्यांवरून झिरपत खालच्या कुंडात उतरायचा आणि तिथून ओढा होऊन गावाकडं जायचा. त्या दगडाला कोरडा असा कुणी कधी बघितलेलाच नव्हता.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सर राईच्या कडेला थांबले आणि पूजा करणाऱ्या बाळाप्पा गुरवाला विचारलं, “मी मुजावर. आत आलो तर चालंल न्हवं?”

बाळाप्पा त्यांना वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, “देवीला जातीचं काय न्हाय, पावणं. चपला तेवढ्या काढा. आन हो, आत जळवा हाईत. त्यास्नी बी जातीचं काय न्हाय.”

त्या दिवशी सरांना पहिल्याच दगडाखाली गवंडी लागले. बुंध्याशी रोपांची एवढी गर्दी होती की पाय कुठं ठेवावा कळेना. वर धनेशाची जोडी फळं खात होती. मी शेरा लिहिला, ‘उत्कृष्ट’. इतक्या निर्धास्तपणे तो शब्द मी पुन्हा कधी लिहिला नाही.

गावाला छप्पर हवं होतं, हे दोन-तीन वर्षांनी कळलं. पुढाकार दत्तूअण्णांचा. तरुणपणी फौंड्रीत राबलेला, गावातल्या कितीतरी पोरांना कामाला लावलेला माणूस. वाईट म्हणावा असा नव्हताच. त्यांची आई राईतल्या शेवाळावर घसरून कायमची अंथरुणाला खिळली होती. मला म्हणाले, “अक्का, आमची पोरं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला, आन देवी पावसात! लोक शेण घालत्यात तोंडात.”

बाळाप्पाचंही त्यांनाच अनुमोदन. “चार म्हैने भिजत पूजा करतो मी. गुडघं गेलं माझं. देवीला चालतंय वो, ती दगूड हाय.” आणि लगेच कानाला हात लावून, “माफ कर गं आई.”

पण गावचा रिवाज असा, की राईतल्या कशालाही हात लावायचा तर आधी देवीचा कौल घ्यायचा. देवीच्या ओल्या खांद्यांवर फुलाची एकेक पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, वाटण्या, शेजाऱ्यांची भांडणं, सगळं त्या दोन पाकळ्यांवर सुटत आलेलं.

हद्द अभयारण्याची असल्यामुळे बांधकामाला सरकारी परवानगी लागत होती, आणि त्यासाठीचा अहवाल आमच्याकडे आला होता. म्हणून कौलाच्या मंगळवारी आम्ही तिथं होतो. अण्णांनी हात जोडून विचारलं, “आई, तुला छप्पर घालतो. मंजूर असंल तर उजवी दे.” सगळं गाव पाकळ्यांवर डोळे लावून उभं. डावी पडली.

पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारलं. बाळाप्पानं डावी पाकळी चिकटवताना अंगठा जरा जास्तच वेळ दाबून धरला. बायकांतून आवाज आला, “बाळाप्पा, डावीला फेविकॉल लावलास काय रं?” हशा पिकला. आणि हशा संपायच्या आत डावीच पडली.

त्या संध्याकाळी सर ओढ्याकाठी पाय सोडून बसले होते. एवढे खूश मी त्यांना क्वचितच बघितलं. म्हणाले, “बाई, आपला अहवाल आन देवीचा अहवाल, दोन्हीत मेळ बसला. बाहेरचा परीक्षक तिच्यापेक्षा मोठा कोण आणणार?” आमच्या अहवालात आम्हीही ‘नको’ असंच लिहिलं होतं. छपरासाठी चार जुनी झाडं जाणार होती, आणि गाड्या लावायला राईच्या वरचा उतार सपाट होणार होता. पावसाचं पाणी मुरून पाझराला मिळायचं ते त्याच उतारातून. हे सगळं सविस्तर लिहिलं होतं. पाझर गेला तर राई जाईल, हे वाक्य सरांनी स्वतः सांगून माझ्याकडून लिहून घेतलं होतं.

तिसऱ्या मंगळवारी अण्णा उभे राहिले, देवीला नारळ दिला आणि मोठ्यांदा विचारलं, “आई, पत्रा घालायचा का स्लॅब? स्लॅब पायजे असंल तर उजवी दे, पत्रा पायजे असंल तर डावी.”

मग एकदोघांनी माना डोलावल्या. प्रश्न रीतीप्रमाणेच होता, पाकळ्याही दोनच होत्या. माझ्या शेजारी सर हळूच म्हणाले, “पेपर सेटर हुशार निघाला, बाई. ‘यांपैकी नाही’ हा पर्यायच काढून टाकला.”

उजवी पडली. हलगी वाजली. बाळाप्पा रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

आम्हाला वाटलं, आमचा कागद तरी उभा आहे. तो फेरपाहणीसाठी परत आला. सोबत नवा नमुना होता. वनखात्याच्या कार्यालयात गेलो तर साहेबांनी चहा मागवला, खुर्च्या पुसून घेतल्या, आईच्या वयाच्या बाईला करावा तसा मला नमस्कार केला. मग म्हणाले, “मॅडम, बांधकाम नको असा रकाना आता राहिलेला नाही. परिणाम कमी, मध्यम की जास्त, एवढंच भरायचं.”

सर म्हणाले, “साहेब, तुमी आन आमचं दत्तूअण्णा एकाच शाळेत होता काय?”

साहेबांना काही कळलं नाही. ते हसले आणि बिस्किटं पुढं केली.

आम्ही ‘जास्त’वर खूण केली. समासात पुन्हा तेच सगळं लिहिलं. महिन्याभरात परवानगी निघाली: परिणाम जास्त असल्यामुळे भरपाई म्हणून गावाच्या हद्दीत रोपं लावावीत, या अटीवर. गुलमोहर लावले. आमचं ‘नाही’ त्यांनी नाकारलं असतं तर भांडता आलं असतं. त्यांनी ते स्वीकारलं, त्याची एक अट केली आणि फाईल पुढं गेली.

त्यानंतर सर त्या गावाला एकदाच आले. चार झाडं गेली होती. गारंबीचा वेल करवतीनं तुकडे करून रस्त्याकडेला रचला होता. देवीवर स्लॅब, भिंतींना गुलाबी रंग, भोवती सिमेंटचे ठोकळे. भाविकांचे पाय घसरतात म्हणून पाझर मागच्या मागं पाइपनं वळवून टाकीत घेतला होता, टाकीला तोट्या. वरच्या उतारावर गाड्या लागल्या होत्या. सर ओढ्यात उतरले. दगडामागून दगड उलटे करत राहिले. पाण्याला सिमेंटचा वास होता. मी पेन घेऊन उभी होते. खूप वेळानं सर उठले, हात रुमालाला पुसले आणि म्हणाले, “चला बाई. चहा घेऊ कुठंतरी.”

परतीच्या वाटेवर त्यांनी एकही विनोद केला नाही.

शेवटच्या आजारात मी दवाखान्यात रोज जात होते. एका सकाळी नर्सनं आनंदानं सांगितलं की सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. सरांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी खोल गेला होता. “बाई, रिपोर्ट चांगला आला. आता जपून ऱ्हायला पायजे.” दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांना नेलं तेव्हा मी घरात बायकांमध्ये बसले होते. त्यांच्या टेबलावर, काचेच्या बशीत, गवंड्याची रिकामी वाळूची नळी ठेवलेली होती. कुणीतरी बशी धुवायला उचलली, ती मी मागून घेतली. आता ती कळंब्याला माझ्या घराच्या खिडकीत आहे.

या वर्षी त्या हद्दीची पुन्हा तपासणी निघाली, आणि का कोण जाणे, मी हो म्हटलं. पथकात बाकी सगळे नवे, चांगले, शिकलेले. नव्या पद्धतीत राईच्या झाडापाखरांबरोबर इतरही गोष्टींना गुण आहेत: माहितीफलक, पायवाट, स्वच्छतागृह, कचऱ्याचे डबे, भेट देणाऱ्यांची संख्या, स्थानिकांचा सहभाग. हे सगळं तिथं होतं. रोपांच्या रकान्यात मी शून्य भरलं, कारण बुंध्याशी रोपं नव्हती. गुडघ्यांवर बसून बघितलं, ठोकळ्यांच्या फटींतून फक्त रानमोडी आलेली. ओढ्याच्याही रकान्यात शून्य. तो शिमग्याच्या आधीच आटला होता. तरीही बेरीज पहिल्या वर्षापेक्षा जास्त आली. शेरा तोच निघाला, जो मी तेव्हा निर्धास्तपणे लिहिला होता. मी सही केली नाही. त्यानं काही अडलं नाही. बहुमत पुरतं.

बाकीचे जेवायला गेले तेव्हा मी देवीसमोर बसले. बाळाप्पा आला. स्लॅबखाली कोरडा, पण गुडघे तसेच. बसताना कण्हला.

“सर न्हाय आलं?”

मी सांगितलं. त्यानं देवीकडं बघितलं. “चपला काढा म्हणालो तर मोजं बी काढलंतं त्या मानसानं,” तो म्हणाला. मग, “अक्का, एक सांगू? देवी बोलत न्हाय आता.”

“म्हणजे?”

“कौल लागंना. दगूड कोरडा पडला की. पाकळी चिकटंलच कशी? पानी शिंपडून लावतो, तर वाळली की दोनी एकदमच खाली. हो न्हाय, न्हाय न्हाय. लोक आता पल्याडच्या गावच्या देवाला जात्यात.”

तेवढ्यात दत्तूअण्णा आले. पार थकले होते. मला नमस्कार केला, आईच्या जाण्याचं सांगितलं. हातात पाण्याची विकतची बाटली होती. गावाला टँकर येतो, पण रोज येत नाही. टाकीच्या तोट्यांना पाणी नाही. बोअर मारायची ठरली होती, राईच्या खालच्या अंगाला, पण कुठं मारायची यावर गावात दोन तट पडले होते. म्हणून कौल.

त्यांनी बाटलीचं झाकण फिरवलं आणि देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाणी ओतलं. दगडानं ते लगेच पिऊन टाकलं. बाळाप्पानं पाकळ्या लावल्या. अण्णांनी हात जोडले. “आई, ओढ्याच्या उजव्या अंगाला मारू, का डाव्या?”

पाकळ्या क्षणभर राहिल्या. मग दोन्ही एकाच वेळी घसरल्या आणि फरशीवर पडल्या. अण्णांनी पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा विचारलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा बाटलीतलं पाणी संपलं.

ते माझ्याकडं वळले. “अक्का, तुमी शिकल्याली मानसं. तुमीच सांगा. उजवीकडं, का डावीकडं?”

पाझर बंद झाला तो कशानं, हे त्यांना माहीत होतं. मी पूर्वी सांगितलं होतं, सरांनी सांगितलं होतं, देवीनं दोनदा सांगितलं होतं. खाली जे काही थोडं पाणी उरलं असेल, त्याच्यावरच राईतली उरलीसुरली झाडं उभी आहेत, हेही मी सांगितलं. तिथून ते उपसलं तर तीही जातील. ते सगळं ऐकून घेत होते, मान हलवत होते.

“कुठंच नको, अण्णा,” मी म्हणाले. “आधी वरचा उतार मोकळा करा. पाणी मुरू दे.”

“तसं न्हाय इचारलं मी, अक्का,” अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता. समजूत घातल्यासारखे बोलत होते. “दोन्हीतलं एक सांगा.”

बाळाप्पा फरशीवरच्या पाकळ्या वेचत होता. खाली रस्त्यावर बोअरची गाडी सकाळपासून येऊन उभी होती. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला, तसे अण्णा उठले आणि मला म्हणाले, “जेवून जावा.”